दोन घमेली गाळ

मास्तरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही.

"काय शिकवणार?" म्हणाले.

"ड्रॉइंग."

"बरं. ड्रॉइंग, जीभ दाखवा."

मी दाखवली. नवी नोकरी, वय चोवीस, अंगात उसना कोट. त्या दिवशी कुणी काहीही दाखवायला सांगितलं असतं तरी मी दाखवलं असतं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, जीभ सावकाश पाहिली आणि काखेतल्या वहीत काहीतरी लिहिलं. "मिश्री लावता," म्हणाले, "आणि घरी माहीत नाही." दोन्ही खरं होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी तरी कुणाचं घेतलं? शिक्षकांच्या खोलीत माणसं नव्हती, विषय होते. "अहो संस्कृत, जरा सरका." "भूगोल आज रजेवर आहे." हेडमास्तर वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवीत, म्हणून ते तोंडावरसुद्धा "इंग्रजी". शिपाई कुठलाच विषय शिकवत नव्हता, त्यामुळे शाळेत माणसासारखी हाक एकट्या त्यालाच मिळे: मामा.

या माणसाच्या हातचा शास्त्राचा तास माझ्यामुळे गेला. त्यांच्या पिंपात मी दोन घमेली गाळ टाकला आणि सोळा वर्षं गप्प बसलो. तेच सांगायला बसलोय. पण आधी मास्तर कसे होते ते सांगायला हवं. नाहीतर पिंपात गाळ टाकणं हा गुन्हा कसा, तेच कळायचं नाही.

शाळा आजच्या श्रीरामपुरातली, रुळांच्या अलीकडची. तेव्हा महायुद्ध चालू होतं. साखर कार्डावर मिळायची आणि कारखान्याची साखर मालगाडीच्या वाघिणी भरभरून आमच्या खिडकीसमोरून निघून जायची. मास्तर शरीरशास्त्र, आरोग्य आणि एकंदर सजीव सृष्टी शिकवीत. ख्रिस्ती होते. बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरी थोरली बहीण, आक्का. दर रविवारी ते उपासनेला जाण्याआधी गुळाच्या अडतीत जाऊन मोठ्या काट्यावर स्वतःचं वजन करीत आणि उपासना संपली की पुन्हा जाऊन करीत. पाद्रीसाहेबांनी एकदा विचारलं, हे काय चाललंय? मास्तर म्हणाले, "तुमचा उपदेश लांबला की मी नऊ तोळे कमी भरतो. आटोपता घेतलात तर चार. मी बसून असतो, कुठे जात नाही, काही सांडत नाही. मग हे जातं कुठे?" पाद्रीसाहेबांनी पुढचा रविवार आटोपता घेतला म्हणतात.

हे "जातं कुठे" आणि "येतं कुठून" हाच त्यांचा सगळा विषय होता. भाकरी खातो, ती कुठे जाते? धावतो, ते बळ कुठून येतं? गुळाचा खडा दाखवून मुलांना म्हणत, "हे ऊन आहे. उसानं पकडलं, कढईत घट्ट झालं. आता खा आणि सिग्नलपर्यंत पळून या. बघू ऊन किती लांब जातं." निम्मा वर्ग गूळ खाऊन पळे, निम्मा तसाच. गूळवाले हमखास मागे राहत, कारण ते खिशातला उरलेला चाटत पळत. मास्तर तेही लिहून ठेवीत.

एकदा म्हणाले, भाकरी तोंडात पुरेशी चावली की गोड होते, लाळेनं तिची साखर होते. दुपारच्या सुट्टीत सगळे विषय चावायला बसले. संस्कृत मास्तरांच्या डब्यातलं खाणार नव्हते. त्यांनी घरून स्वतःची पोळी आणली आणि भिंतीकडे तोंड करून चावत बसले. बाकीचे कंटाळून गिळून मोकळे झाले. घंटा झाली, वर्ग भरले, तरी संस्कृतांची पाठ हलत होती. शेवटी ते वळले आणि कुणी गुपित काढून घेतल्यासारखे म्हणाले, "गोड लागते." मास्तरांनी उठून त्यांना नमस्कार केला. "तुम्ही एकटेच शास्त्रज्ञ," म्हणाले. संस्कृत पुढे आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

सजीव कशाला म्हणायचं, याची लक्षणं त्यांनी फळ्यावर लिहिली: खातो, श्वास घेतो, हलतो, वाढतो, मलमूत्र टाकतो, चिमटा काढला तर कळतं, पिल्लं होतात. मागच्या बाकावरचा उंबरगावचा एक पोरगा उभा राहिला. "मास्तर, मंग इंजिन जित्तं हाय."

"कसं?"

"कोळसा खातंय, धूर सोडतंय, पळतंय, राख हागतंय. दांडा वढला की वरडतंय."

दुसरा कुणी असता तर हसला असता. मास्तरांनी खडू खाली ठेवला, सगळा वर्ग रांगेत उभा केला आणि स्टेशनात नेला. इंजिनाची एकेक खूण तपासली. वाढतं का? स्टेशनमास्तर म्हणाले, नाही. पिल्लं? पोरानं रुळाच्या कडेला उभी असलेली गँगवाल्यांची ढकलगाडी दाखवली. "ते काय." मास्तर त्या ढकलगाडीकडे इतका वेळ पाहत राहिले, की स्टेशनमास्तर घाबरून म्हणाले, "अहो, ती वर्कशॉपातून येते." परत आल्यावर मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: इंजिन, सातांपैकी पाच. मग खात्री करावी म्हणून हीच लक्षणं त्यांनी शाळेतल्या एकेका माणसाला लावली. इंग्रजी पाचावरच अडकले. वाढ दिसत नव्हती आणि चिमटा काढायची परवानगी मिळाली नाही.

त्यांच्या सहामाहीच्या पेपरावरून मोठा गोंधळ झाला. उत्तर येत नसेल तर पोरांनी "माहीत नाही" असं लिहायचं, त्याला एक मार्क. मनानं काही ठोकून दिलं तर शून्य. झालं, दोन पोरांनी चाळीसच्या चाळीस प्रश्नांना "माहीत नाही" लिहिलं आणि पास झाले. हेडमास्तर उत्तरपत्रिका फडकवत खोलीत आले.

"हे काय? काही न येणारा पोरगा पास?"

"त्याला काय येत नाही हे त्याला बरोबर माहीत आहे," मास्तर म्हणाले. "तुमच्या इंग्रजीत किती जणांना माहीत असतं?"

मी हसलो. माझ्यावर मास्तरांचा लोभ होता. मी चित्रं काढीत असे आणि त्यांना हाताची गरज होती. शाळेत एक जुनी सूक्ष्मदर्शक दुर्बीण होती, कुणा पाद्र्यानं परत जाताना दिलेली. कांद्याचा पापुद्रा त्याखाली ठेवून मास्तर म्हणाले, "पेशी दिसतात. दिसेल ते काढा. पुस्तकातलं काढू नका." मी डोळा लावला. काळ्या जाड काठ्या दिसल्या, एकीमागे एक, वळलेल्या. मनोभावे काढल्या. मास्तरांनी चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ड्रॉइंग, या तुमच्या पापण्या आहेत." पण ते चित्र त्यांनी फाडलं नाही. तारीख घालून भिंतीला लावलं आणि खाली लिहिलं: निरीक्षकास प्रथम स्वतःच दिसला. मला तेव्हा ती थट्टा वाटली.

आता पिंप.

मी येण्याच्या आधीच ते सुरू झालं होतं. झाड कशातनं होतं, हा प्रश्न. सगळे म्हणतात, झाड माती खातं. मग माती कमी व्हायला हवी. मास्तरांनी तेलाचं लाकडी पिंप अर्धं कापून शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवलं. शेतातली माती आणली, चाळली आणि ओल राहू नये म्हणून बाजारातल्या भडभुंज्याच्या भट्टीवर भाजून घेतली. पुढे महिनाभर गावाला फुटाण्यांत कचकच लागत होती. भडभुंज्याची बायको दारावर आलेल्या गिऱ्हाइकाला सांगे, "आमच्या कढईचा दोस न्हाई बाई, ख्रिस्ती मास्तर माती भाजून खातोय." बरोबर तीन मण माती भरली. तीत शेवग्याची फांदी वजन करून लावली. वर पत्र्याचं झाकण, मधे खोडापुरतं भोक, म्हणजे धूळ पडायला नको. पाच वर्षं नुसतं पाणी द्यायचं. मग झाड उपटून वजन करायचं आणि माती पुन्हा भाजून वजन करायचं.

हे कुठल्याशा जुन्या विलायती माणसानं करून पाहिलेलं पुस्तकात होतं. माती पाच तोळेच कमी भरली, असा आकडाही होता. मास्तरांना तो आकडा पाठ होता आणि अमान्य होता. "त्याचं झाड, त्याची माती. आपण कुठे पाहिलंय?"

शेवगा वाढला. शेंगा लागल्या. प्रत्येक शेंग वजन करून मगच आमटीत जायची. हेडमास्तरांच्या घरी दोन शेंगा परस्पर गेल्या, तेव्हा मास्तर संध्याकाळी त्यांच्या दारात उभे राहिले: "चोथा तरी द्या." आणि पिंपावर खडूनं मोठी अक्षरं होती: पाण्याव्यतिरिक्त काही घालू नये. दयासुद्धा.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर आणि आक्का राहुरीजवळच्या त्यांच्या मळ्यावर गेले. पाण्याचं काम माझ्याकडे. रोज दोन तांबे. चार दिवस घातलं. पाचव्या दिवशी नगरहून एका नाटक कंपनीचा माणूस आला. पडदा रंगवायचा होता, देखावा वनवासाचा. मी गेलो. बारा दिवस मी तिथे हिरवीगार झाडं रंगवीत होतो. वेली, पानं, पाण्याची झुळझुळ. शेवग्याची आठवण एकदाही झाली नाही.

परत आलो तर पिंपात एक काटकी उभी होती. पान नाही. झाकण उचललं, माती भेगाळलेली. मी तांब्यावर तांबे ओतले, काही होईना. मास्तर तीन दिवसांत यायचे होते. माझी नोकरी तात्पुरती होती, आणि खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा त्यांच्या वहीची भीती वाटली. तिथे ते काय लिहितील? ड्रॉइंगच्या वर्गात मुलांना मातीची फळं करायला मी कालव्याचा गाळ आणून, फोडून ठेवलेला असे. गाळ म्हणजे सोनं, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. घमेलं भरलं, झाकणाखाली ओतलं. वाटलं, पुरणार नाही. अजून एक भरलं. हातानं सारखं केलं, वर पाणी मारलं, झाकण बसवलं.

मास्तर आले त्या दिवशी काटकीला तीन हिरवे ठिपके फुटले होते. ते खाली बसून पाहत राहिले. "हे फारच सोसतं हो," म्हणाले. "नुसत्या पाण्यावर." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पाच वर्षं पुरी झाली तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि हेडमास्तरांनी उत्साहानं शिक्षणखात्याच्या साहेबांना प्रयोग बघायला बोलावलं होतं. शेवगा उपटला. मुळांची माती कुंचल्यानं झाडून घेतली. भडभुंज्यानं तीन दिवस माती भाजली. या खेपेला त्यानं बायकोला माहेरी धाडलं होतं. गुळाच्या अडतीतला काटा शाळेच्या पटांगणात टांगला. काट्याच्या पारड्यांना गूळ चिकटलेला असतो, म्हणून मास्तरांनी ती स्वतः कढत पाण्यानं घासली. अडतीतला मापाडीच तोलायला आला. पहिलं पारडं उतरताच तो म्हणाला, "लाभ."

"एक म्हणा," मास्तर म्हणाले.

"एक न्हाई म्हनत आमी. बरकत जाती. लाभ, मंग दोन."

"अहो, हे शास्त्र आहे."

"आसंल की. पर काटा आमचा हाय."

मास्तरांनी वहीत लिहिलं: मापाडी एक म्हणत नाही, पहिले पारडे डोळ्यांनी मोजले. साहेब खुर्चीत बसून पाहत होते. मी त्यांच्या मागे उभा होतो.

झाड भरलं सव्वा मण. आणि माती? मूळची तीन मण. आता साडेतीन मण. वीस शेर जास्त.

मापाडी खूश झाला. "बघा, लाभ झाला का न्हाई?"

साहेबांनी विचारलं, "म्हणजे झाड माती तयार करतं?"

"आकडा तसं म्हणतो," मास्तर म्हणाले. "मी म्हणत नाही."

"मग माती का वाढली?"

"माहीत नाही."

हेडमास्तर पुढे झुकून हळू म्हणाले, "अहो, पाच तोळे कमी असं लिहून टाका. पुस्तकात आहेच की."

"पुस्तकातलं पुस्तकात आहे. काट्यावर हे आहे."

मग ते आम्हा सगळ्यांकडे वळले. "कुणी काही टाकलंय का यात? रागावणार नाही. नोंद करायची आहे फक्त."

मामा आपल्या पायांकडे पाहत होता. हेडमास्तर चहाच्या कपात पाहत होते. मी शेवग्याच्या मुळांकडे पाहिलं.

साहेबांच्या शेऱ्यात आलं: शास्त्राच्या शिक्षकांस विषयाचे ज्ञान नाही, असे त्यांनी स्वतःच सर्वांसमक्ष सांगितले. यावर काय करायचं? हेडमास्तर तरी काय करणार? जूनपासून मास्तरांकडे कवायत आली. आणि शास्त्र कुणाला? ज्याला पेशींची चित्रं सुबक काढता येतात त्याला. त्याच हुकमात मी कायम झालो.

मास्तर कवायत शिकवायला लागले. "सावधान" म्हणून मुलांना उभं करीत आणि मनगटं धरायला लावून नाडी मोजीत. "विश्राम" म्हणून पुन्हा मोजीत. अख्ख्या सहामाहीत पोरांनी एक पाऊल टाकलं नाही. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. जाताना दुर्बिणीची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. "ड्रॉइंग, भिंग ओल्या फडक्यानं पुसू नका," एवढंच. नवा विषय मिळाला तरी मला त्यांनी ड्रॉइंगच म्हटलं.

मी चौदा वर्षं शास्त्र शिकवलं. बरं शिकवलं असं लोक म्हणतात. "माहीत नाही"ला मार्क मात्र दिले नाहीत. दर वर्षी पिंपाचा प्रयोग फळ्यावर रंगीत खडूंनी काढायचो, खाली लिहायचो: माती फक्त पाच तोळे कमी. झाड पाणी, हवा आणि ऊन यांचं होतं. चौदाव्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही पाहिलंय हे?"

मी म्हटलं, "हो."

त्या "हो"नं मला धरलं. त्याच रविवारी एसटीनं राहुरीला उतरलो. धरणाच्या कामावरचे ट्रक धूळ उडवत चालले होते. मळा विचारत गेलो. मास्तर अंगणात उभे होते, केस पांढरेशुभ्र. लिंबाच्या फांदीला गुळाच्या अडतीतला तोच काटा टांगलेला. किलो आल्यावर अडत्यानं जुना काटा आणि शेरांची वजनं त्यांना देऊन टाकली होती.

"या, ड्रॉइंग. जीभ दाखवा."

दाखवली.

"मिश्री सुटली. बरं झालं. चहा घ्या."

"मास्तर, आधी एक सांगायचंय. पिंपात मी गाळ टाकला होता. एक घमेलं."

एक. वीस मैल मी दोन, दोन म्हणत आलो होतो आणि तोंडातून एक निघालं.

मास्तर आत गेले आणि ती वही घेऊन आले. पान उघडलं. वर मथळा: मातीत बाहेरून आलेले. खाली तीन ओळी. मामा, लेंडीखत, दर अमावास्येला मूठ, एकूण दोन शेर. "मरायच्या आधी येऊन सांगून गेला. म्हणाला, मास्तर, झाडाला बी प्वाट हाय की, मला बघवंना." दुसरी ओळ आक्का, डबा घेऊन येताना चुलीतली राख, साडेतीन शेर. आक्का आतून ओरडली, "मग काय उपाशी मारायचं त्याला?" तिसरी, इंग्रजी. हेडमास्तर रोज कपातला चहाचा गाळसाळ झाकणाच्या भोकातून ओतीत. वाळून अर्धा शेर. रिटायर झाल्यावर त्यांनी कार्डावर लिहून कळवलं होतं.

"आमच्यात पाद्र्याच्या कानात कबुली द्यायची पद्धत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून वहीत. चौथे तुम्ही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या भाजलेल्या मातीत बारीक शंख होते. कालव्यातले. दुर्बिणीखाली पाहिले. कालव्याचा गाळ शाळेत एकाच खोलीत असायचा."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पुरावा होता. टाकताना पाहिलं नव्हतं." त्यांनी पेन्सिल झटकली. "कोरडा होता का ओला?"

"कोरडा. फोडलेला."

त्यांनी गोठ्यातून एक पोतं ओढत आणलं. त्याच कालव्याचा गाळ, त्यांनी तेव्हाच आणून ठेवलेला. शेजारी घमेलं ठेवलं. "भरा."

मी कोट काढला. भरायला लागलो.

"असं नव्हे. तेव्हा कसे होतात? घाबरला होतात ना? मग घाबरून भरा. निवांत माणसाचं घमेलं वेगळं भरतं."

चव्वेचाळीस वर्षांचा मी, कायम शिक्षक, त्या अंगणात उकिडवा बसून घाबरून गाळ भरत होतो. आक्का दारातून बघत होती. खरं म्हणजे घाबरायला काही कष्ट पडले नाहीत.

"किती हवाय मास्तर? अजून किती कमी पडतंय?"

"ते सांगणार नाही. सांगितलं की हात ऐकतो."

सात शेर दहा तोळे. त्यांनी लिहिलं, वही मिटली आणि "बरं" म्हणाले. चहा झाला, आक्कानं करंज्या दिल्या. मी उठलो, फाटकापर्यंत गेलो, फाटकाची कडी काढली, आणि उभाच राहिलो. रस्त्यावरून एसटी गेली. ती माझीच होती.

मागे वळलो. घमेलं पोत्याशेजारी तसंच होतं. मास्तरांनी ते उचललं नव्हतं, पालथं घातलं नव्हतं. पोत्याचं तोंडही उघडं. ते काट्याजवळ स्टुलावर बसून होते, मांडीवर वही.

"अजून एक होतं," मी म्हटलं.

"भरा."

भरलं. सहा शेर पंचाहत्तर तोळे. त्यांनी ऐंशी तोळ्यांचा शेर धरून बेरीज मांडली, मामा, आक्का, इंग्रजी, मी. पेन्सिलीच्या टोकानं दोनदा तपासली. एकूण वीस शेर पाच तोळे. माती वाढली होती वीस शेर. म्हणजे मूळची माती पाच तोळे कमी झाली होती. पुस्तकात होतं तेवढीच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, जुळलं."

ते खुलले नाहीत. भिंग काढून माझ्या तोंडाकडे पाहू लागले, पहिल्या दिवशी पाहिलं तसं.

"फारच जुळलं," म्हणाले. "ड्रॉइंग, खरं सांगा. वहीतल्या त्या तीन ओळी तुम्ही वाचल्यात. वाढ वीस शेरांची होती, हे तुम्ही त्या दिवशी ऐकलंय. पुस्तकातले पाच तोळे चौदा वर्षं फळ्यावर लिहिताय. हे दुसरं घमेलं आठवणीनं भरलंत की हिशेबानं?"

मी विचार केला. खरोखर केला. त्या घाबरलेल्या दुपारचं घमेलं डोळ्यांसमोर आणलं. ते काठोकाठ होतं की थोडं खाली? दिसलं, आणि मग पुन्हा नाही दिसलं. माझे हात गाळानं भरलेले होते आणि मला त्यांचंही सांगता येईना.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मास्तरांनी ते लिहून घेतलं, तारीख घातली. मग खिशातून तांबडी पेन्सिल काढून माझ्या ओळीसमोर समासात एक आकडा लिहिला आणि वही माझ्याकडे फिरवली.

एक मार्क.